मुलाच्या दुधावर राग काढू नका

करवीर तालुक्यातील एका भगिनीचे पत्र आले आहे. त्यातील खासगी तपशील वगळून ते थोडक्यात देते.

"माझा मुलगा ६ वर्षांचा आहे. दोन वर्षांपासून त्याचे पोट मोठे दिसते. आजोबा त्याला रोज पहाटे गोठ्यातले धारोष्ण दूध पाजतात, त्यामुळे घरात सर्वांना वाटायचे की खुराक अंगी लागला आहे. पुढच्या वर्षी त्याला तालमीत घालायचेही ठरले होते. मग नाकातून वारंवार रक्त येऊ लागले, रात्री मांडीचे हाड दुखते म्हणून तो रडू लागला, तेव्हा कोल्हापुरात दाखवले. पानथरी (प्लीहा) बेंबीपर्यंत आली आहे, हिमोग्लोबिन ८ आणि प्लेटलेट ६२ हजार. हाडातला मगज काढून तपासला आणि डॉक्टर म्हणाले, हा 'गौचर' नावाचा आजार असावा. पेशींच्या आवरणातली चरबी फोडणारे एक विकर (एन्झाइम) त्याच्या शरीरात कमी आहे. चरबी हा शब्द ऐकल्यापासून मी त्याचे दूध, तूप, अंडी, मटण सगळे बंद केले. दुसऱ्या एका ठिकाणी पानथरी काढून टाका असे सांगितले. औषध आहे म्हणतात, पण त्याची किंमत ऐकून आम्ही परत आलो. माझे यजमान माझ्या सख्ख्या आत्याचे चिरंजीव. आता आत्याच म्हणतात की हे तुझ्या रक्तातून आले. त्यात माझ्या धाकट्या बहिणीचे लग्न माझ्या दिराशी ठरत आले आहे. मी काय करावे?"

ताई,

तुमच्या पत्रातले प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत, तरी जे आज संध्याकाळीच करता येण्यासारखे आहे ते आधी सांगते. मुलाचे दूध पुन्हा सुरू करा. अंडे द्या, भातावर तूप वाढा, घरात रविवारी पांढरा रस्सा होत असेल तर त्याचीही वाटी त्याच्यापुढे ठेवा. त्याच्या पानथरीत जे साठले आहे ते ताटातून आलेले नाही, आणि ताट रिकामे केल्याने ते उतरणारही नाही.

हे कसे, ते सविस्तर लिहिते, कारण आजार नीट कळला नाही तर प्रत्येक पाहुणा एक नवे पथ्य सुचवून जाईल आणि तुम्ही ते पाळत राहाल.

आपल्या शरीरातील प्रत्येक पेशीभोवती मेदाचे दोन पदर असलेले अतिशय पातळ पटल असते. दुधातुपातली चरबी ही मुख्यतः शरीराला पुरवायचे इंधन असते. पेशीपटलातला मेद मात्र बांधकामाचा असतो, आणि त्यातले काही प्रकार शरीर स्वतःच घडवते. त्यांपैकी एका प्रकारात सेरामाइड नावाच्या मेदरेणूला साखरेचे, म्हणजे ग्लुकोज, गॅलॅक्टोज यांसारख्या साखरांचे, एक किंवा अनेक कण जोडलेले असतात. रक्तातील तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते आणि मग तिची जागा नवी पेशी घेते. निरोगी मोठ्या माणसाच्या शरीरात दर दिवशी अशा सुमारे २० हजार कोटी तांबड्या पेशी निकालात निघतात, पांढऱ्या पेशींची भर वेगळीच. या जीर्ण पेशी गिळून त्यांची विल्हेवाट लावण्याचे काम भक्षक पेशी करतात, आणि त्या प्रामुख्याने पानथरी, यकृत व अस्थिमज्जा (हाडातला मगज) या ठिकाणी असतात. तुमच्या मुलाचा आजार नेमका त्याच ठिकाणी का दिसतो, याचे उत्तर एवढ्यातच आहे.

भक्षक पेशीच्या पोटात लयकारिका (लायसोसोम) नावाच्या सूक्ष्म पिशव्या असतात. त्यांच्यातील आम्लात अनेक विकरे काम करतात आणि प्रत्येक विकराला ठरलेला एकच तुकडा तोडता येतो. पटलातील मेदाच्या मोठ्या रेणूवरून साखरेचे कण एकामागून एक उतरवले जातात आणि शेवटी सेरामाइडला चिकटलेला ग्लुकोजचा एकच कण उरतो. तो शेवटचा कण तोडणारे विकर म्हणजे ग्लुकोसेरेब्रोसायडेज. तुमच्या डॉक्टरांनी जे कमी आहे म्हणून सांगितले ते हे.

तुमच्या भागात गुऱ्हाळे आहेत, म्हणून त्यांचेच उदाहरण घेते. ऊस गाळल्यावर निघणारे चिपाड वाळवून चुलवाणाला घातले जाते. चरका, काहील, गुळव्या सगळे जागेवर आहे, फक्त चुलवाणाला चिपाड घालणारा गडी आलेला नाही, असे समजा. चिपाड निघतच राहते, अंगणात ढीग चढत जातो आणि शेवटी गाडीलाही आत यायला वाट राहत नाही. मुलाच्या पानथरीत हेच झाले आहे. भक्षक पेशी रोज जीर्ण पेशी गिळते, सगळे पचवते, पण हा एक तुकडा तिच्यात तसाच राहतो. सूक्ष्मदर्शकाखाली अशी पेशी एकदा पाहिली की विसरता येत नाही: तिचे केंद्रक एका कडेला ढकललेले असते आणि बाकीची सगळी पेशी निळसर करड्या रेघांनी भरलेली, जणू पातळ कागद मुठीत चुरगाळून पुन्हा अर्धवट उलगडला आहे. मुलाच्या मगजात डॉक्टरांना दिसल्या त्या या पेशी. अशा पेशींनी भरलेली पानथरी प्लेटलेट आणि तांबड्या पेशी अडकवून ठेवते, मगजात त्यांनीच जागा व्यापल्याने नव्या पेशी कमी तयार होतात, आणि म्हणून नाकातून रक्त येते व हिमोग्लोबिन उतरते. हाडाच्या आतही हीच गर्दी झाल्यामुळे तिथला रक्तपुरवठा बिघडतो. रात्री मांडी दुखणे हे वाढत्या वयाचे दुखणे समजून तेल चोळत बसू नका. तो लंगडू लागला किंवा खुब्यात दुखते म्हणाला तर त्याच दिवशी दाखवा, कारण मांडीच्या हाडाचा गोळा कायमचा खराब होण्याची भीती या आजारात असते.

तर दूधतूप निर्दोष आहे. उलट, वाढलेली पानथरी जठराला दाबते म्हणून या मुलांचे दोन घासांत पोट भरते आणि त्यांची उंची व वजन मागे पडते. त्याला थोडे थोडे, पण दिवसातून पाच-सहा वेळा खाऊ घाला. आजोबांना एवढेच सांगा की धारोष्ण दुधाऐवजी दूध उकळून द्यावे. त्याचा या आजाराशी संबंध नाही. कच्च्या दुधातून होणारे संसर्ग टाळण्यासाठी सांगते आहे, आणि ते कोणत्याही मुलाला लागू आहे. रक्त कमी आहे म्हणून कोणी लोहाचे टॉनिक दिले असेल तर ते फेरिटिनची, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा दाखवणाऱ्या प्रथिनाची, तपासणी झाल्याशिवाय देऊ नका. या आजारात फेरिटिन बहुधा आधीच वाढलेले असते. ताप किंवा दुखणे आले तर डॉक्टरांना विचारून पॅरासिटामॉल द्या. अॅस्पिरिन आणि आयब्युप्रोफेन घरात ठेवूच नका, कारण प्लेटलेट कमी असताना त्यांनी रक्तस्राव वाढतो.

तालीम सध्या थांबवावी लागेल. आजोबांना याचे फार वाईट वाटेल, ते मला कळते. परंतु बेंबीपर्यंत आलेली पानथरी बरगड्यांच्या आडोशाबाहेर असते, आणि कुस्तीत पोटावर एक गुडघा बसला तरी ती फुटून पोटात रक्तस्राव होऊ शकतो. कबड्डी आणि फुटबॉलही तूर्त नको. शाळेत वर्गशिक्षकांना लेखी कळवून ठेवा. उपचारांनी पानथरी आकसल्यावर खेळाचा विचार पुन्हा करता येईल.

आता पानथरी काढून टाकण्याच्या सल्ल्याबद्दल. १८८२ साली फिलिप गोशे या फ्रेंच वैद्यकीय विद्यार्थ्याने या आजाराचे पहिले वर्णन केले, ते ३२ वर्षांच्या एका स्त्रीच्या प्रचंड वाढलेल्या पानथरीवरून, आणि त्याला ती पानथरीची गाठ वाटली. त्याचे आडनाव आपल्याकडे स्पेलिंगप्रमाणे 'गौचर' असे वाचले जाते. अहवालावर काहीही लिहिलेले असले तरी आजार एकच. पानथरी हेच दुखण्याचे मूळ आहे असे मानून ती काढण्याची पद्धत पुढे अनेक दशके चालली, आणि दुसरा इलाज नव्हता तोवर ते समजण्यासारखे होते. पण पानथरी काढली तरी भक्षक पेशी उरतातच, जीर्ण पेशी मरतच राहतात, आणि पानथरीत साठणारे ते सगळे मग यकृतात व हाडांत अधिक वेगाने साठू लागते. शिवाय पानथरी नसलेल्या मुलाला न्यूमोकॉकससारख्या जंतूंचा गंभीर संसर्ग होण्याचा धोका जन्मभर राहतो. विकराचे औषध उपलब्ध असताना पानथरी काढणे हा शेवटचा, अगदी नाइलाजाचा मार्ग आहे, आणि तुमच्या मुलाच्या बाबतीत तो आज घेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे. सल्ला देणाऱ्या डॉक्टरांनी तो मुलाच्या भल्यासाठीच दिला असणार. तरी अशा निर्णयाआधी आनुवंशिक आजारांच्या तज्ज्ञांचे मत घेणे आवश्यक आहे.

त्याआधी निदान पक्के झाले पाहिजे. मगजातील पेशींच्या रूपावरून हा आजार असावा असे म्हणता येते, पण रक्ताच्या इतर काही आजारांतही तशाच दिसणाऱ्या पेशी आढळतात. निर्णायक तपासणी साध्या रक्ताच्या नमुन्यावर होते: पांढऱ्या पेशींतील ग्लुकोसेरेब्रोसायडेज किती काम करते ते मोजतात. मुलाचा मगज पुन्हा काढण्याची गरज नाही. त्याच वेळी जीबीए१ या जनुकाची तपासणीही मागा, कारण पुढचे दोन प्रश्न, एक मुलाच्या मेंदूचा आणि दुसरा तुमच्या बहिणीच्या लग्नाचा, तिच्यावर अवलंबून आहेत.

पहिला प्रश्न मेंदूचा. या आजाराचे तीन प्रकार मानतात. दुसरा प्रकार तान्ह्या वयातच गंभीर रूप घेतो, त्यामुळे ६ वर्षांच्या तुमच्या मुलाला तो असण्याचे कारण दिसत नाही. पहिल्या प्रकारात बालपणी मज्जासंस्था सुरक्षित असते. तिसऱ्यात ती हळूहळू बाधित होते. भारतातील रुग्णांत सर्वाधिक आढळणारा जनुकबदल एल४४४पी हा आहे, आणि तो दोन्ही प्रतींत असलेल्या मुलांमध्ये तिसऱ्या प्रकाराची शक्यता अधिक असते. त्याची सुरुवातीची खूण डोळ्यांत दिसते. मुलाला समोर बसवा, त्याचे डोके हलू न देता एका बाजूच्या वस्तूवरून चटकन दुसऱ्या बाजूच्या वस्तूकडे बघायला सांगा. नजर सरळ वळण्याऐवजी अडखळत असेल, किंवा तो आधी पापणी मिटून अथवा मान झटकून मग बघत असेल, तर ते लिहून ठेवा आणि डॉक्टरांना आवर्जून सांगा. घरच्या या निरीक्षणावरून निष्कर्ष मात्र काढू नका. तो तज्ज्ञांना काढू द्या.

औषधाविषयी लिहिताना मला मनापासून आशा वाटते, आणि ती लपवण्याचे कारण नाही. विकराच्या कमतरतेमुळे हे होते, हे १९६५ साली अमेरिकेत रॉस्को ब्रॅडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले. कमी असलेले विकर बाहेरून द्यायचे, ही कल्पना त्यानंतर प्रत्यक्षात यायला पाव शतक लागले. प्रसूतीनंतर पडणाऱ्या वारेतून ते विकर काढले जाई आणि एका रुग्णाच्या वर्षभराच्या औषधासाठी हजारो वारा लागत. नुसते टोचलेले विकर भक्षक पेशीपर्यंत पोहोचत नव्हते; त्याच्यावरील साखरेच्या साखळ्या छाटून मॅनोज ही साखर उघडी केली, तेव्हा भक्षक पेशी ते ओळखून आत घेऊ लागल्या. हे औषध १९९१ मध्ये अमेरिकेत मान्य झाले, आणि १९९४ पासून ते प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींपासून बनू लागले. दर दोन आठवड्यांनी ते सलाइनवाटे देतात. काही महिन्यांत हिमोग्लोबिन आणि प्लेटलेट वाढू लागतात, पानथरी व यकृत आकसू लागतात, मूल उंची धरते. हाडांना मात्र वेळ लागतो. औषध मेंदूत शिरत नाही, म्हणून तिसऱ्या प्रकारात मज्जासंस्थेची बाधा त्याने थांबत नाही, तरी पोट, रक्त आणि हाडे यांच्यासाठी ते तेव्हाही उपयोगी पडते. औषध जन्मभर घ्यावे लागते आणि मात्रा वजनावर ठरते, त्यामुळे मूल वाढते तसा खर्चही वाढतो. तो खर्च कोणत्याही शेतकरी कुटुंबाच्या आवाक्याबाहेरचा आहे. शेत विकून किंवा सोने मोडून दोन-चार महिन्यांचे औषध आणण्याचा विचार कोणी मांडला तर तो मान्य करू नका. एवढ्याशा औषधाने काही साधत नाही.

मार्ग दुसरा आहे. केंद्र सरकारने २०२१ मध्ये दुर्मीळ आजारांसाठी राष्ट्रीय धोरण जाहीर केले आणि त्यात या आजाराचा समावेश आहे. २०२२ मधील बदलानुसार निवडलेल्या उत्कृष्टता केंद्रांत उपचार घेणाऱ्या रुग्णामागे ५० लाख रुपयांपर्यंत मदत मिळू शकते. महाराष्ट्रातील असे केंद्र मुंबईत परळला केईएम रुग्णालयात आहे. तेथील तज्ज्ञ समिती प्रत्येक रुग्णाचा विचार करते, त्यामुळे नोंदणी लवकर होणे महत्त्वाचे. ही रक्कम जन्मभर पुरणारी नाही हे उघड आहे, आणि म्हणून तेथील डॉक्टरांना औषध कंपन्यांच्या धर्मादाय योजनांबद्दलही पहिल्याच भेटीत विचारा. लायसोसोमल स्टोरेज डिसऑर्डर्स सपोर्ट सोसायटी ही पालकांची संघटना अशा कुटुंबांना मदत करते, तिच्याशीही संपर्क साधा. २०१४ साली दिल्ली उच्च न्यायालयाने याच आजाराच्या एका रिक्षावाल्याच्या मुलाला हे औषध मोफत देण्याचा आदेश दिल्ली सरकारला दिला होता. गरिबाच्या मुलाचा उपचारांवर हक्क आहे हे त्या निकालाने लेखी नोंदवले. तेव्हा मदत मागताना मान खाली घालू नका.

आता आत्याबाईंच्या बोलण्याविषयी. हा आजार अप्रभावी जनुकाचा आहे. प्रत्येकाकडे या जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आणि एक वडिलांकडून आलेली. एक प्रत बिघडली तरी दुसरी काम भागवते, आणि त्या माणसाला आपण वाहक म्हणतो. मूल आजारी होते ते दोन्ही प्रती बिघडलेल्या असतील तेव्हाच. तुमच्या मुलाला एक प्रत तुमच्याकडून आली असेल तर दुसरी यजमानांकडून आलेली आहे. यजमानांना ती बहुधा त्यांच्या आईकडून, म्हणजे आत्याबाईंकडून मिळाली असणार, आणि तुम्हाला तुमच्या वडिलांकडून. आणि हे दोघे सख्खे बहीणभाऊ. म्हणजे ज्या रक्ताबद्दल तुम्हाला ऐकवले जाते ते तुमच्या माहेरचे आहे खरे, पण ते आत्याबाईंचेही माहेर आहे. हे वाक्य त्यांना टोमणा म्हणून ऐकवू नका. वाहक असणे हा कोणाचाच दोष नाही. नातवाच्या काळजीने सैरभैर झालेल्या बाईला डॉक्टरांच्या तोंडून हे शांतपणे कळले तर तुमच्या दोघींचे नाते वाचेल.

मामाची मुलगी करण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे आणि बहुतेक अशा जोडप्यांची मुले निरोगी असतात. परंतु घरात हा आजार निघाल्यावर तीच रीत डोळे झाकून पुढे चालवता येत नाही. बिघाड वर सांगितल्याप्रमाणे आला असेल, तर तुमच्या बहिणीत तो असण्याची शक्यता निम्मी आणि दिरांत असण्याचीही निम्मी. दोघांतही असण्याची चारांत एक. दोघेही वाहक निघाले तर प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी असण्याची शक्यता चारांत एक, जी आज तुमच्या आणि यजमानांच्या बाबतीत आहे. म्हणून सुपारी फोडण्याआधी दोघांचीही जनुक-तपासणी करून घ्या. नुसते विकर मोजून वाहक ओळखता येईलच असे नाही, कारण वाहकांचे आणि इतरांचे आकडे एकमेकांत मिसळतात; म्हणून आधी मुलातील नेमका बिघाड शोधायचा आणि मग फक्त तोच या दोघांत पाहायचा. दोघांपैकी निदान एकात तो नसला तर या आजारापुरती त्या लग्नाला आडकाठी नाही. दोघांतही असला तर निर्णय त्या दोघांचा, आणि तो वडीलधाऱ्यांनी त्यांच्यावर लादू नये. वाहकांत पुढे वय झाल्यावर पार्किन्सन या मेंदूच्या आजाराची शक्यता इतरांपेक्षा काहीशी अधिक असते, पण बहुतेक वाहकांना तो कधीच होत नाही, हेही त्यांना कळलेले बरे.

तुम्हाला दुसरे मूल हवे असेल तर गरोदरपणाआधीच आनुवंशिकी तज्ज्ञांना भेटा. मुलातील बिघाड माहीत असेल तर सुमारे ११व्या आठवड्यापासून वारेच्या सूक्ष्म नमुन्यावरून गर्भाची तपासणी करता येते. ती नोंदणीकृत केंद्रातच होते आणि तिच्यातून गर्भाचे लिंग सांगितले जात नाही.

मुंबईला जाताना मगजाचा अहवाल, शक्य असल्यास त्या तपासणीच्या काचपट्ट्या, पोटाच्या सोनोग्राफीची फिल्म, आतापर्यंतचे रक्ताचे सर्व कागद, मुलाचा जन्मदाखला, आधार आणि रेशनकार्ड सोबत घ्या. महालक्ष्मी एक्सप्रेसने रात्री निघालात तर सकाळी मुंबईत पोहोचाल. आणि जमल्यास आत्याबाईंना सोबत न्या. तेथील डॉक्टर तुमच्या दोन्ही घरांचा वंशवृक्ष काढतील आणि विचारतील की मागच्या पिढ्यांत पोट वाढून लहानपणी गेलेले कोणी होते का, रक्त कमी म्हणून सतत आजारी असलेले कोणी होते का. त्या आठवणी तुमच्यापेक्षा त्यांच्याकडे अधिक असतील.